या कानाचं त्या कानाला

६ जानेवारी

माझ्या लाडक्या रेडिओस,

लहानपणी अखंड बडबडायचीस म्हणून हे नाव मीच ठेवलं, आणि आता खरोखर आवाजाच्या धंद्यात गेलीस, तेव्हा तक्रार करू नकोस. पत्र पाहून दचकली असशील. घरात सगळे धडधाकट आहेत. फोन का केला नाही ते तुला ठाऊकच आहे. उभा जन्म मागांच्या खडखडाटात काढल्यावर मावशी फोनवर हळू बोलली, की गल्लीच्या टोकाचा न्हावी मान हलवून हो म्हणतो. आणि ही गोष्ट न्हाव्यानं ऐकण्यातली नाही.

भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. आमच्या कापडगिरणीतल्या जेवणघराच्या भिंतीला मात्र जीभही फुटली आहे.

तुला आधी आमच्या बोलण्याची तऱ्हा सांगायला हवी. मागाशी उभं असताना आवाजाचा काही उपयोग नसतो. सूत घेऊन धोटा इकडून तिकडे आपटत असतो, शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला नुसता वारा लागतो. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज नाही, फक्त ओठ, तेही चांगले रुंद करून. समोरच्या रांगेतली बाई नवऱ्याला कोणत्या शिव्या घालतेय ते मी माझ्या जागेवरून वाचते. खासगी काही असलं तर तोंडाला हाताचा आडोसा करायचा, आणि तो दिसला की बाकीच्यांनी नजर वळवायची. हा नियम कुणी कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी अजून पाहिला नाही. मग जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की आमचे गळे मोकाट सुटतात, आणि पोटात काही म्हणून राहत नाही.

तर आमच्याकडे एक नवा मॅनेजर आलाय. त्याला आम्ही इस्त्री म्हणतो. बसला, उठला, वाकला तरी शर्टाला चुणी म्हणून पडत नाही. त्याला आम्हा बायकांना आलटून पालटून रात्रपाळी लावायची आहे. आम्ही जेवताना ठरवलं, की सगळ्याजणींनी मिळून मालकीणबाईंकडे जायचं आणि नाही म्हणायचं. तर त्याच्या आदल्या दिवशी इस्त्रीनं एकेकीला आत बोलावलं. माझ्या शेजारच्या मागावरच्या फिरकीला म्हणाला, "गुडघे फार दुखतात ना? बसून करायचं काम देता येईल, पण जरा शहाण्यासारखं वागा." मला म्हणाला, "डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही म्हणे. डॉक्टरांना दाखवायचं का? मग कामावर ठेवता येईल की नाही ते बघू." हे शब्द आम्ही जेवणघरात बोललेलो, जसेच्या तसे. मालकीणबाईंकडे कुणीच गेलं नाही.

आता जी ती दुसरीच्या तोंडाकडे बघते आणि जेवते. एकीवर सगळ्यांचा संशय आहे. नाव लिहीत नाही, उगाच कागदावर कशाला. तू आवाजातली माणूस आहेस म्हणून विचारते, हसू नकोस. माणूस नसताना माणसाचं बोलणं ऐकेल असं काही यंत्र असतं का?

सूनबाई बरी आहे. हल्ली डबा मागापाशीच उघडते, जेवणघरात येत नाही. नात दात काढतेय.

तुझी मावशी
(बहिरी, पण मूर्ख नव्हे)


१३ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र मी कामाच्या ठिकाणी वाचलं आणि मोठ्यानं हसले, तर काचेपलीकडून आमचे वाचक संतापले. ते एका जाड पुस्तकाचं वाचन ध्वनिमुद्रित करत होते. माझं हसू आता प्रकरण अकरामध्ये आहे, ते कापायला मला दुपार लागली.

यंत्र असतं. काडेपेटीएवढं असतं, त्याहून लहानही असतं, आणि कुणालाही विकत मिळतं. आमच्याकडे माईक चालू झाला की दाराबाहेर लाल दिवा लागतो. ज्याचा आवाज आपण घेतोय त्याला ते माहीत असलंच पाहिजे, हा आमचा पहिला धडा. एकदा एक लेखक दिवा न बघता आपल्या प्रकाशकाला मनसोक्त शिव्या देत बसले. आम्ही त्यांना बोलावून, त्यांच्या समोर ते पुसलं. ते इतके खूश झाले की आणखी दोन शिव्या दिल्या.

पण खरं सांगू? बहुतेक वेळा यंत्रबिंत्र काही नसतं, माणूसच असतो. तुझा तो इस्त्री जर कुणाशी जरा जास्त गोड बोलत असेल, तर तुमच्या सगळ्यांचा संशय काही उगाच नसणार. जी कोणी असेल तिला स्पष्ट सांगा आणि पंगतीतून उठवा. एका नासक्या बटाट्यापायी पोतं कशाला नासवायचं?

तरी मन राहत नसेल तर जेवणघरात अलीकडे आलेल्या नव्या वस्तू बघा. घड्याळ, दिवा, काहीही. मात्र काय शोधताय ते त्या खोलीत बोलू नका. बोलायचंच झालं तर अगदी हळू.

वहिनीला सांग, तिनं नातीचा फोटो पाठवावा. तिचे मेसेज का येत नाहीत?

तुझा रेडिओ


२४ जानेवारी

माझ्या शहाण्या रेडिओस,

तुझा नासका बटाटा म्हणजे माझी सून.

आता बस खाली. तिचंच नाव मी लिहिलं नव्हतं. इस्त्री तिला येता-जाता "कशा आहात?" विचारतो, एवढंच निमित्त. सुतावरून स्वर्ग गाठायला वेळ लागत नाही, आणि आमच्याकडे सूत भरपूर. फिरकी सगळ्यांसमोर म्हणाली, "आपल्यातली एक जण इकडचं तिकडे करते." सूनबाईनं ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी डब्यात पाहिलं. घरीसुद्धा ती स्वयंपाकघरात आली की माझं बोलणं आपोआप थांबायचं. मी तिला एकदाही विचारलं नाही की तू केलंस का. विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझा मुलगा मालाच्या गाडीवर बाहेर असतो, त्याला यातलं काही ठाऊक नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिनं पिशवी भरली, नातीला उचललं आणि माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "आई, तिथेही माग आहेत. मला काम मिळेल." ती तिकडेच राहिली तर माझं घर म्हणजे नुसतं छप्पर, एवढं मला कळतं.

आता पुढचं ऐक, आणि हसायचं तर हस, मला चालेल.

दुसऱ्या दिवशी तुझा सल्ला मानून आम्ही जेवणघराचं दार आतून लावलं. पडदे ओढले. नव्या वस्तू तीन निघाल्या: घड्याळ, थंड पाण्याचं यंत्र, आणि कोपऱ्यातली सूचनापेटी, जिच्यात आजवर कुणी चिठ्ठी टाकलेली नाही. घड्याळावर सगळ्यांचं एकमत झालं. फिरकी गुडघे विसरून स्टुलावर चढली. तू लिहिलं होतंस की अगदी हळू बोला. आम्ही अगदी हळूच बोललो! फिरकी कुजबुजली, "घड्याळ उघडते गं, पाठीमागचा स्क्रू सैल आहे!" आणि पत्र्याचं छप्पर थरथरलं. मी कुजबुजले, "पडशील भवाने, भिंत धर!" तुला म्हणून सांगते, आम्हा विणकरणींचं कुजबुजणं म्हणजे पाहुण्याला वाटतं भांडण लागलंय.

घड्याळात घड्याळच होतं. ते पुन्हा बंद करतोय तोवर दारावर धडाधड थापा. इस्त्री! आपल्या ऑफिसातून सगळं अंगण ओलांडून पळत आलेला, धाप लागलेली, आणि शर्ट चुरगळलेला. "घड्याळाला हात लावू नका, पडाल, कंपनी जबाबदार नाही," असं बंद दाराबाहेरून ओरडत होता. कानात ती फोनची पांढरी बोंडं तशीच. आम्हाला वाटायचं बिचारा दिवसभर गाणी ऐकतो. मग असे बोंडांनी बुजवलेले कान, आणि अंगणापलीकडून याला घड्याळाचं कळलं कसं?

दार लावलेलं. पडदे ओढलेले. एकही बाई बाहेर गेलेली नाही. आणि सून तर गावातच नाही. फिरकी स्टुलावरून उतरली आणि भिंतीला टेकून रडायलाच लागली. मी रडले नाही, मला इतका आनंद झाला की मी दोन जणींचं जेवले. माझी सून चहाडखोर नाही! मग घरी आल्यावर रिकाम्या घरात तो आनंद कुणाला सांगावा ते कळेना.

यंत्र मात्र कुठं आहे ते सापडलेलं नाही. लवकर लिही.

मावशी


३० जानेवारी

मावशी,

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय केलं मी? पोत्याची आणि बटाट्याची उपमा मी आता जन्मात कुणाला देणार नाही. वहिनीला मी चार वेळा फोन केला, ती उचलत नाही. तिचंही बरोबर आहे.

इस्त्री लगोलग धावत आला याचा अर्थ ते यंत्र तुमचं बोलणं तिथल्या तिथे त्याच्या कानात पोचवतंय. अशा यंत्राची बॅटरी दमते. दमली की कुणीतरी ती बदलायला येणार. तेव्हा काय शोधायचं ते विसर आणि त्याच्या हाताकडे बघ. तुमच्या जेवणघरात अशी कोणती वस्तू आहे जिला तो काहीतरी निमित्त काढून वरचेवर हात लावतो?

सापडलं तर फोडू नका, जागेवरून हलवूही नका. मॅनेजर नाही, त्याच्या वरचं कुणीतरी समोर असताना उघडा. लोकांचं बोलणं त्यांना न सांगता असं टिपणं कायद्यात बसत नाही, हे त्याला माहीत असणारच, म्हणून तर लपवलंय. आणि जे टिपून ठेवलं असेल ते तुमच्या डोळ्यांसमोर पुसायला लावा. "पुसतो, पुसतो" यावर समाधान मानू नका.

तोवर त्या खोलीत काही ठरवू नका. आणि मावशी, कृपा करून कुजबुजू नका.

रेडिओ


२२ फेब्रुवारी

रेडिओ,

सूचनापेटी!

तुझं वाचलं आणि कपाळावर हात मारला. दर शनिवारी इस्त्री किल्ली घेऊन येतो, पेटी उघडतो, आत डोकं घालतो आणि तोंड पाडून म्हणतो, "या आठवड्यातही सूचना नाही का?" आम्हाला त्याची दया यायची. फिरकी तर एकदा म्हणाली होती, टाका गं एखादी चिठ्ठी, बिचारा हिरमुसतो.

आम्ही पेटीला हात लावला नाही. माग चालू असताना ओठांनीच ठरवलं, की आता जेवणघरातही ओठांनीच बोलायचं. पहिल्या दिवशी फार हाल झाले. कुणाला सवय? मग दुसऱ्या दिवसापासून असा रंग चढला म्हणून सांगू! आवाज नसला की माणूस जास्त बोलतं. पेटीला ऐकू जाणार फक्त चमचे, पाणी पिणं आणि हसणं. हसू काही केल्या आवाजाशिवाय जमेना. फिरकीनं इस्त्रीच्या चालण्याची नक्कल केली तेव्हा मला ठसका लागला, तेवढा एक माझा आवाज त्याच्याकडे जमा असेल.

तिकडे इस्त्रीची झोप उडाली. शनिवारची वाट न बघता आला, पेटीत डोकं घालून बॅटरीच बदलली असणार, जाताना पेटीला दोन टिचक्या मारल्या. दोन दिवसांनी पुन्हा आला. आम्ही समोर बसून आपापल्या डब्यात बघतोय. तो गेला की पुन्हा सगळ्यांचे ओठ चालू.

आता खरी मजा. मालकीणबाई महिन्यातून एकदा आमच्यात जेवायला बसतात. बाई मोकळ्या स्वभावाच्या, सासूपासून जावयापर्यंत सगळं बोलतात. परवा आल्या, बघतात तर काय, सगळ्या बायका तोंडं हलवतायत आणि आवाज नाही. त्यांना वाटलं आपलेच कान गेले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि खुणेनं सांगितलं, जरा दम धरा. त्याही बाई हुशार, गप्प बसल्या. त्या दिवशी आम्ही चमचेसुद्धा वाजवले नाहीत. आणि थोड्या वेळात दार उघडून इस्त्री आत! खोली रिकामी आहे असं समजून आलेला, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात बॅटरी. सरळ पेटीकडे गेला, उघडली, आणि मागे वळून बघतो तर अख्खी पंगत त्याच्याकडे पाहतेय, मधोमध मालकीणबाई.

मी विचारलं, "साहेब, तुमचीही काही सूचना आहे का?"

त्यानं बॅटरी पाठीमागे लपवली. मालकीणबाई उठल्या, पेटीत हात घातला आणि ती काळी डबी बाहेर काढली. कुणी सांगण्याआधीच त्यांना समजलं. गेल्या महिन्यात त्या इथेच बसून मुलीच्या संसाराचं बोलता बोलता रडल्या होत्या. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, "माझंही ऐकलंस?" तो म्हणाला, "शिस्तीसाठी होतं, बाई." फिरकी म्हणाली, "आमच्या खात्यात हाताचा आडोसा दिसला तर आंधळ्या होतो आम्ही. ही आमची शिस्त. तुमची कोणती?" तिचं बोलणं नेहमीच्या आवाजात होतं, म्हणजे अंगणातल्या हमालांनीही ऐकलं आणि त्यातल्या एकानं टाळी वाजवली.

सगळं आमच्यासमोर पुसलं. तू सांगितलं होतंस म्हणून मी शेवटपर्यंत उभी राहिले. रात्रपाळीचं मालकीणबाईंनी तिथंच विचारलं, आम्ही तिथंच नाही म्हटलं, विषय संपला. माझ्या डाव्या कानाचंही मीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मागावर कानाला काय काम?" इस्त्रीला आता दूरच्या गोदामात पाठवलंय. तिथं कापडाच्या गाठी आहेत, त्या काही बोलत नाहीत.

सगळ्या जणी गाणी म्हणत घरी गेल्या. फिरकीला सूनबाईची माफी मागायची आहे, बाकीच्यांनाही. तिचा माग अजून रिकामा ठेवलाय. बाकी ठीक. हवा बरी आहे.

मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी,

पत्र वाचून आमच्या अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. फिरकीमावशीच्या पाया पडते असं सांग.

पण शेवटी "हवा बरी आहे" हे काय? हवेबद्दल कधीपासून लिहायला लागलीस? वहिनीला काही कळवलंस का? मला एवढी लांबलचक पत्रं लिहिलीस, तिला एक ओळ नाही. फिरकीमावशी माफी मागणार, बाकीच्या मागणार, आणि तू? तिनं त्या दिवशी पाहिलं ते फिरकीमावशीकडे नव्हतं, तुझ्याकडे होतं.

रागावलीस तर रागाव. उद्याची बस पकड.

रेडिओ


९ मार्च

रेडिओ,

रागावले होते. दोन दिवस तुझ्या नावानं बोटं मोडली. मग बस पकडली.

पत्र का लिहिलं नाही ते सांगते. तिच्या माहेरी पत्र आलं की सगळे मिळून वाचतात, आणि फोन आला की मधोमध ठेवून सगळे ऐकतात. माणसं प्रेमळ आहेत, पण त्या घरात या कानाचं त्या कानाला कळू नये असं काही होणं शक्यच नाही. मी पोचले तर ओसरीवर तिची आई, दोन भाऊ, भावजया, शिवाय शेजारच्या दोघी आधीच येऊन बसलेल्या. सासू सुनेला न्यायला आली की काय बोलते, ते सगळ्यांना ऐकायचं होतं. सूनबाईनं पाणी आणून दिलं, "बऱ्या आहात ना, आई?" म्हणाली आणि आत गेली. नातीनं मला ओळखलं, माझं नाक धरलं आणि सोडेना.

मी तोंड उघडायची, तोच सगळी ओसरी पुढे सरकायची. आणि माझा आवाज तुला माहीत आहे. जे मला तिला सांगायचं होतं ते असं चारचौघांत ओतायचं नव्हतं. माफी मागण्याची लाज नव्हती गं. पण तिच्या मनातलं दुखणं शेजारणींच्या चहाबरोबर का वाटायचं? मी हवापाण्याचं बोलले. खरंच, फार वेळ हवेचंच बोलले. मग पाय धुवायचं निमित्त काढून मागच्या अंगणात गेले.

स्वयंपाकघराची काचेची खिडकी बंद होती. सूनबाई आत भांडी घासत होती. तिनं वर पाहिलं. मध्ये काच, इकडे मी, तिकडे ती, आणि ओसरीवर सगळी मंडळी कान टवकारून.

मी ओठांनी बोलले. म्हणाले, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, ठेवला नाही. तू गेल्यापासून घरात करमत नाही, आणि तू नातीला घेऊन आली नाहीस तरी तुझ्याकडे दर महिन्याला येत राहीन, हाकललंस तरी येईन. आणखीही पुष्कळ बोलले. तिच्या हातातलं भांडं कधी खाली ठेवलं गेलं ते तिलाही कळलं नाही. तिचे डोळे भरले, माझे तर केव्हाचेच वाहत होते. मग तीही बोलली. बराच वेळ बोलली. मध्येच ती हसली, मी हसले, पुन्हा दोघी रडलो. ओसरीवरून तिची आई ओरडून विचारत होती, "विहीणबाई, पाय धुवायला एवढा वेळ?"

संध्याकाळच्या बसला आम्ही तिघी बसलो. तिची आई अजून चक्रावलेली आहे, की कुणी काही बोललं नाही, कुणी समजूत काढली नाही, आणि पोरगी पिशवी घेऊन उभी कशी राहिली. काल ती कामावर आली. फिरकीनं तिच्या मागाला फुलं बांधली होती, ती धोट्यात अडकून सूत तुटलं, आणि सगळ्यांनी मिळून ते जोडलं.

ती खिडकीतून काय म्हणाली, ते तू आता विचारणारच. विचारू नकोस. तुला सांगायचं असतं तर आम्ही आवाजात बोललो असतो.

तुझी मावशी